मुंबईचा रुपया, मुंबईतच परका

दोन वर्षांपूर्वी मस्कतला गेलो होतो. विमानतळावर डॉलर देऊन ओमानी रियाल घेतले आणि पुढचे दोन दिवस प्रत्येक खरेदीला मनातल्या मनात गुणाकार करत राहिलो. मत्राच्या जुन्या बाजारात लोबान घेतला. सुटे परत देताना दुकानदार म्हणाला, "दोनशे बैसा." एका रियालचे हजार बैसे होतात, हे मला ठाऊक होते. पण हा बैसा म्हणजे आपलाच पैसा, हे कानावर पडल्यावर उमगले. आणि घरातल्या ट्रंकेतली एक नोट आठवली.

माझे थोरले काका मस्कतला एका व्यापारी पेढीवर हिशेबनीस होते. दर दोन-तीन वर्षांनी बोटीने मुंबईला आणि तिथून कोकणात येत. १९६४ च्या गणपतीला येऊन गेले, आणि मागाहून काकीला त्यांच्या पोथीत दहा रुपयांची नोट सापडली. ती घेऊन काकी वाण्याकडे गेली. नोटेवर अशोकस्तंभ होता, रिझर्व्ह बँकेचे नाव होते. पण रंग लाल! आपली दहाची नोट तेव्हा जांभळट असे. वाण्याने चार गिऱ्हाइकांदेखत ती परत केली, "वहिनी, ही आपली नव्हे." काकीने सामान तिथेच ठेवले आणि ती घरी आली. काकांना पत्र लिहवून घेतले, त्यात एकच प्रश्न होता: तुमचे तिकडचे पैसे खोटे आहेत का?

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आखाताच्या चलनाचा इतिहास उलगडत गेला.

कुवेत, बहरीन, कतार, आजची अमिराती आणि ओमानचा किनारा या सगळ्या प्रदेशांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपयाच चाले. व्यापार मुंबईशी होता, मोती मुंबईला येत, तांदूळ आणि कापड मुंबईहून जाई. ओमानच्या अंतर्भागात मात्र मारिया थेरेसाचा चांदीचा थेलर लोकांना अधिक भरवशाचा वाटे. १७८० हे एकच साल कोरलेले हे ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचे नाणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. म्हणजे परक्या राणीचे नाणेसुद्धा मुंबईचेच!

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था भारताला महाग पडू लागली. सोन्याच्या आयातीवर बंदी असल्याने मुंबईत सोन्याचा भाव जागतिक भावापेक्षा बराच चढा होता. दुबईत मात्र सोने मोकळेपणाने मिळे. तस्कर भारतीय नोटा आखातात नेत, तिथे सोने घेत आणि ते चोरून आपल्या किनाऱ्यावर उतरवत. त्या नोटा आखातातल्या बँकांमार्फत भारताकडे परत येत आणि त्यांच्या बदल्यात भारताला पौंड मोजावे लागत. सोने चोरून यायचे आणि त्याची किंमत सरकारी गंगाजळीतून चुकती व्हायची, असा हा उलटा व्यवहार होता.

त्यावर १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आखातासाठी १, ५, १० आणि १०० रुपयांच्या वेगळ्या रंगांच्या नोटा निघाल्या आणि त्यांच्या क्रमांकाआधी झेड हे अक्षर आले. किंमत भारतीय रुपयाइतकीच, पण भारतात त्या कायदेशीर चलन नव्हत्या. काकीची नोट ती हीच. वाण्याचे काही चुकले नव्हते आणि काकांचे पैसेही खोटे नव्हते.

हज यात्रेकरूंसाठीही १० आणि १०० च्या निराळ्या नोटा काढल्या गेल्या. मुंबईहून जेद्दाला बोटीने जाणाऱ्या यात्रेकरूपुढे पैसे बदलण्याचा प्रश्न मोठाच असे. सौदी रियाल चांदीचा, वजनाला जड. त्यावर सौदी सरकारने १९५३ मध्येच यात्रेकरूंसाठी दहा रियालच्या कागदी पावत्या काढल्या होत्या. त्यांच्यावर अरबीबरोबर उर्दू, फारसी अशा भाषांतही मजकूर होता. त्या इतक्या सोयीच्या ठरल्या, की स्थानिक लोकही त्या वापरू लागले. सौदीच्या कागदी चलनाची सुरुवात अशी प्रवाशांच्या गरजेतून झाली.

आखाती रुपयाचे आयुष्य मात्र थोडे ठरले. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, त्याचा भाव १३ रुपये ३३ पैसे. बहरीनने १९६५ मध्ये दहा रुपयांना एक दिनार केला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, आणि आखातात उरलेला रुपयाही त्याच्यासोबत घसरला. दिल्लीतल्या एका निर्णयाने दोहा-दुबईच्या माणसाची बचत एका रात्रीत आटावी, हे तिथल्या राज्यकर्त्यांना परवडणारे नव्हते. कतार आणि दुबईने त्याच वर्षी नवा रियाल काढला, तोही अवमूल्यनापूर्वीच्या रुपयाच्या किमतीचा. अबुधाबीने बहरीनचा दिनार घेतला. ओमान तेवढे १९७० पर्यंत थांबले. तिथे नव्या रियालसाठी २१ आखाती रुपये मोजावे लागले. कुवेतचे तेरा आणि ओमानचे एकवीस हे दोन आकडे शेजारी ठेवले, की मधल्या नऊ वर्षांत रुपयाचे काय झाले ते दिसते.

परदेशात पैसे बदलताना आपण दर पाहतो, दलालीची घासाघीस करतो. त्या कागदामागे कोण उभे आहे आणि त्याचा शब्द कुठवर चालतो, हे मात्र क्वचितच विचारतो. काकीने चौसष्ट साली नेमके तेच विचारले होते.

मस्कतहून परतल्यावर मी तिला हे सारे सांगितले. आता ती नव्वदीला टेकली आहे. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे नोट खरी होती. मग हे त्यांनी तेव्हा पत्रात का नाही लिहिले?" काकांच्या उत्तराचे पत्र ट्रंकेत आहे. पुढच्या महिन्याची मनिऑर्डर जरा जास्तीची पाठवतो, एवढेच त्यात लिहिले आहे.