जगज्जेत्याची निवृत्ती : मुहम्मद अली यांच्या अखेरच्या लढतींचा ऐतिहासिक अभ्यास (१९७७-१९८१)

प्रस्तावना :
मुष्टियुद्धाच्या इतिहासात विजेतेपद कसे मिळवले याची चर्चा विपुल झाली आहे. ते केव्हा सोडावे या प्रश्नाची चर्चा त्यामानाने कमी आढळते. हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद तीन वेळा मिळवणारे मुहम्मद अली (१९४२-२०१६) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. त्यांनी वेळीच निवृत्ती का स्वीकारली नाही आणि त्यांना थांबविण्याचा अधिकार कोणाकडे होता, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

धोक्याच्या सूचना :
व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे १९६७ ते १९७० या उमेदीच्या काळात अली यांना रिंगणाबाहेर राहावे लागले. गमावलेली वर्षे भरून काढण्याची ओढ त्यांच्या पुढील निर्णयांमागे असणे स्वाभाविक होय. १९७५ मध्ये मनिला येथे जो फ्रेझियर यांच्याविरुद्ध चौदा फेऱ्यांच्या झुंजीने त्यांचे शरीर थकले. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्स यांचे जबर ठोसे सोसून त्यांनी विजय मिळवला. परंतु त्यानंतर त्यांचे वैद्य फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडाच्या हानीचा इशारा देऊन त्यांची साथ सोडली. वैद्य निघून गेले, लढती मात्र थांबल्या नाहीत.

अखेरच्या चार लढती :
१९७७ अखेर अली यांनी ५७ लढतींपैकी केवळ दोन गमावल्या होत्या. पुढील चार लढतींपैकी तीन त्यांनी गमावल्या. फेब्रुवारी १९७८ मध्ये अवघ्या सात व्यावसायिक लढतींचा अनुभव असलेल्या लिऑन स्पिंक्स यांनी त्यांना हरवले. सप्टेंबरमध्ये अली यांनी विजेतेपद परत मिळवले आणि १९७९ मध्ये निवृत्ती जाहीर केली. सन्मानाने थांबण्याचा हाच क्षण होता. तथापि २ ऑक्टोबर १९८० रोजी ते लॅरी होम्स यांच्यासमोर उभे राहिले. दहाव्या फेरीनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. डिसेंबर १९८१ मध्ये बहामात ट्रेव्हर बर्बिक यांच्याकडून पराभूत झाल्यावर त्यांची कारकीर्द संपली.

निर्णय कोणाचा?
होम्स यांच्याशी लढतीपूर्वी मेयो क्लिनिकमध्ये अली यांची तपासणी झाली होती. बोलण्यातील व शारीरिक हालचालींतील काही उणिवा अहवालात नोंदल्या गेल्या, तरी नेवाडा राज्याच्या मंडळाने परवाना दिला. अमेरिकेत परवाने राज्यांची मंडळे देत. संपूर्ण देशासाठी एकच मंडळ नव्हते. याउलट अली लढत राहिल्याने आयोजक, प्रक्षेपक व भोवतालचा गोतावळा या सर्वांचा लाभ होत होता. थांबविण्यात हितसंबंध असणारे कोणी नव्हते. स्वतः अली यांनाही चौथ्यांदा विजेतेपद हवे होते, हेही नाकारता येत नाही.

तुलना :
रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये ४९ विजयांसह अपराजित निवृत्त झाले. कराच्या थकबाकीमुळे १९५० मध्ये परतलेल्या जो लुईस यांना १९५१ मध्ये त्याच मार्सियानोंनी पराभूत केले. मात्र जॉर्ज फोरमन यांनी १९९४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी जगज्जेतेपद पुन्हा मिळवले. यावरून केवळ वय हा निकष पुरेसा नाही, असे दिसते. प्रत्येकाच्या शरीराने सोसलेल्या आघातांचा हिशेब वेगळा असतो.

निष्कर्ष :
१९८४ मध्ये अली यांच्या कंपवाताचे निदान जाहीर झाले. त्याचे कारण केवळ मुष्टियुद्धच होते काय, याबाबत वैद्यकीय मतभेद आहेत. परंतु दिसणाऱ्या लक्षणांकडे दुर्लक्ष झाले, हे निर्विवाद आहे. अमेरिकेत १९९६ च्या मुष्टियुद्ध सुरक्षा कायद्याने लढतीपूर्व तपासणी बंधनकारक केली. तपासणी मात्र १९८० मध्येही झाली होती. उणीव होती ती निष्कर्षाचा स्वीकार करण्याच्या इच्छेची. म्हणून निवृत्तीचा निर्णय सर्वस्वी खेळाडूच्या जिद्दीवर किंवा आयोजकांच्या मर्जीवर न सोडता, लढतीच्या उत्पन्नाशी संबंध नसलेल्या वैद्यकीय यंत्रणेस नकाराधिकार असणे आवश्यक ठरते.