तीन अपयशे आणि एक सहकार्य

राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्याचे करार उत्साहाच्या भरात होतात. त्यांची कसोटी लागते ती अपयशाच्या प्रसंगी. क्ष-किरण खगोलशास्त्रातील जपान व अमेरिका यांच्या भागीदारीचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

अवकाशातून येणारे क्ष-किरण पृथ्वीचे वातावरण शोषून घेते. म्हणून त्यांच्या अभ्यासाला उपग्रह लागतो. किरणाच्या एकेका कणामुळे होणारी सूक्ष्म तापवाढ मोजणारे, निरपेक्ष शून्याच्या निकट थंड ठेवावे लागणारे उपकरण या दोन देशांनी मिळून सिद्ध केले. १० फेब्रुवारी २००० रोजी अग्निबाण बिघडला व 'ॲस्ट्रो-ई' कक्षेत पोहोचलाच नाही. २००५ साली 'सुझाकू' सुखरूप पोहोचला. परंतु महिन्याभरात द्रवरूप हेलियम उडून गेला आणि उपकरण निकामी झाले. २०१६ च्या मार्चमध्ये, दिशानियंत्रणातील दोष व जमिनीवरून पाठविलेली चुकीची मूल्ये यांमुळे, 'हितोमी' गरगरत भंगला. तत्पूर्वी ययातीच्या दिशेच्या दीर्घिकासमूहातील तप्त वायूच्या खळबळीचा वेग, सेकंदास सुमारे १६४ किलोमीटर, त्याने मोजला होता.

जपानच्या अंतराळ संस्थेने आपले दोष चौकशी-अहवालात उघडपणे मांडले. अमेरिकेने पुन्हा हात दिला. युरोपीय संस्थाही सहभागी झाली. ७ सप्टेंबर २०२३ रोजी 'क्रिझम' तानेगाशिमाहून झेपावला. उपकरणापुढील झडप उघडली नाही, तरी निरीक्षणे सुरू झाली.

चूक मोकळेपणी सांगण्याची व ती ऐकून घेण्याची वृत्ती कोणत्याही कलमात लिहून ठेवता येत नाही. ती उभयपक्षी होती, म्हणूनच चौथा प्रयत्न झाला.