बर्लिनला गेलेला हुतुतू आणि कपाटातला चेंडू



परवा नातवाची शाळेच्या हँडबॉल संघात निवड झाली. घरात आल्या आल्या त्याने विचारलं, "आजोबा, हँडबॉलमध्ये आपला भारत कितवा?" इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. त्याला म्हटलं, बस इथे. ही गोष्ट आपल्या अमरावतीपासून सुरू होते.

अमरावती आमच्या परतवाड्याहून पन्नासेक किलोमीटर. तिथे वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. या मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेला आणि तिथे त्यांनी हुतुतू, म्हणजे आपली कबड्डी, आणि इतर देशी खेळ करून दाखवले. लंगोट कसून आखाड्यात उतरणारी वऱ्हाडातली पोरं थेट बर्लिनच्या मैदानावर! पदक वगैरे काही नव्हतं. नुसतं प्रात्यक्षिक.

आता गंमत बघा. त्याच बर्लिनमध्ये, त्याच ऑगस्ट महिन्यात, हँडबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. तेव्हा तो गवतावर, एका बाजूला अकरा जण घेऊन खेळत. संघ आले अवघे सहा. जर्मनीने अंतिम सामन्यात ऑस्ट्रियाला १०-६ असं हरवलं. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्टला, आपल्या हॉकीवाल्यांनी जर्मनीला ८-१ ने लोळवलं. तो सामना सगळ्यांना पाठ असतो, हुतुतूचं मात्र कोणी विचारत नाही. असो. ते यजमान कोण होते आणि पुढे त्यांनी काय केलं, हेही इतिहासाच्या मास्तराने विसरून चालत नाही.

पुढे हँडबॉल छपराखाली गेला. सात खेळाडू, चाळीस बाय वीस मीटरचं मैदान, चेंडू हातात घेऊन फार तर तीन पावलं. या रूपात तो १९७२ साली म्युनिकला ऑलिंपिकमध्ये परतला आणि तिथेच स्थिरावला. कबड्डी अजून ऑलिंपिकच्या दाराबाहेरच आहे.

१९८२ चं दिल्लीचं एशियाड आठवतं ना? तिथे हँडबॉल पहिल्यांदाच पदकासाठी खेळला गेला. चीन पहिला, जपान दुसरा, दक्षिण कोरिया तिसरा. यजमान असूनही आपल्या हाती काही लागलं नाही. आणि कबड्डी? ती आपल्याच घरी प्रात्यक्षिकाचा खेळ होती! तिला एशियाडमध्ये पदक मिळालं १९९० ला, बीजिंगला. तिथून २०१४ पर्यंत पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण आपलं. २०१८ ला इराणने उपांत्य फेरीत हरवलं, पण पुढच्या खेपेला, २०२३ मध्ये हांगझोऊला, ते आपण परत आणलं.

हँडबॉलचा हिशेब मात्र तोकडा. आपला पुरुष संघ ना ऑलिंपिकला पोचला, ना जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत. त्याच कोरियाने १९८८ ला सोलमध्ये ऑलिंपिकचं रौप्य मिळवलं. आपल्याला सुख मिळालं ते शेजारपाजारच्या स्पर्धेत. २०१६ ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०१९ ला काठमांडूत ते पाकिस्तानने नेलं. २०२३ ला देशातली पहिली व्यावसायिक लीग झाली, ती महाराष्ट्राच्या संघाने जिंकली. बस, एवढंच.

नातू म्हणाला, "म्हणजे आपण कच्चेच." मी गप्प झालो. कारण मला एक मुलगा आठवला.

एशियाडनंतरची दोनतीन वर्षं असतील. शाळेत कुठूनसा एक हँडबॉल आला होता. मेळघाटातला एक कोरकू मुलगा माझ्या वर्गात होता. शेतात गोफण फिरवून पाखरं हाकलणारा तो हात! त्याने मागच्या भिंतीवर कोळशाने गोलपोस्ट काढला आणि मधल्या सुटीत लांबून नेमक्या कोपऱ्यात चेंडू मारायचा. माझ्याकडे कबड्डीचा संघ होता, तालुक्याचे सामने तोंडावर आले होते. मी म्हटलं, "हे परक्यांचे खेळ सोड, कबड्डीला ये." तो म्हणाला, "सर, माहा हात यातच चालते, मले खेळू द्या." मी चेंडू कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. तो कबड्डीला आलाच नाही. पुढल्या वर्षी शाळेतही आला नाही. त्याचं कारण चेंडूच होता असं मी म्हणणार नाही. घरची गरिबी होती. पण कुलूप मी लावलं होतं, हे खरं.

बर्लिनची हकीकत मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नीट वाचली. परक्या मुलखात आपला हुतुतू लोकांना विचित्रच वाटला असेल, तरी त्याला मैदान मिळालं. मी माझ्याच वर्गातल्या मुलाला एक भिंत देऊ शकलो नाही. संघ कच्चे का राहतात, याची कारणं आपण दिल्लीत शोधतो. थोडी परतवाड्यातल्या कपाटातही सापडतील.

नातवाला मी नवा चेंडू घेऊन दिला आहे. कालपासून अंगणाच्या भिंतीवर धाडधाड चाललंय. आमच्या सौ. वैतागल्या आहेत, चुन्याचे पोपडे पडताहेत म्हणून. मी म्हटलं, पडू देत.

तुमच्या ओळखीत कोणी जुन्या काळी हँडबॉल खेळलं असेल तर जरूर कळवा.