आभासी डेस्कटॉपांची बहुकेंद्री जोडणी व तिच्या मर्यादा

आभासी डेस्कटॉपांची बहुकेंद्री जोडणी म्हणजे एकाच संस्थेने निरनिराळ्या डेटा सेंटरांत उभारलेल्या व्हर्च्युअल डेस्कटॉपांच्या मांडण्या एकमेकींशी संलग्न करण्याची पद्धत. वापरकर्त्याने कोठूनही एकाच पत्त्यावर लॉगिन करावे आणि त्याच्या हक्काचा डेस्कटॉप त्याला कोणत्या तरी एका केंद्रातून मिळावा, असा तिचा हेतू असतो. आभासी डेस्कटॉपात संगणकाची प्रणाली, सॉफ्टवेअर आणि फायली डेटा सेंटरमधील सर्व्हरवर असतात. कर्मचाऱ्याच्या टेबलावरील यंत्रावर केवळ पडद्याचे चित्र येते आणि त्याच्या कीबोर्डचे व माउसचे संकेत उलट दिशेने जातात. एक केंद्र बंद पडले तरी दुसऱ्यातून काम चालू राहावे, ही अपेक्षा अशा जोडणीकडून साहजिकच केली जाते. परंतु जोडणीमुळे एकत्र येते ती कोणाला काय वापरण्याचा हक्क आहे याची नोंदवही. वापरकर्त्याचे काम त्या त्या केंद्रातच राहते, आणि या पद्धतीच्या बहुतेक मर्यादा याच भेदातून निघतात. व्हीएमवेअर कंपनीने विकसित केलेल्या हॉरायझन या प्रणालीतील ‘क्लाउड पॉड आर्किटेक्चर’ हे या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण असल्याने येथील विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

हॉरायझनमध्ये मांडणीच्या मूळ एककाला पॉड म्हणतात. पॉडचे नियंत्रण कनेक्शन सर्व्हर या मध्यस्थाकडे असते. तो वापरकर्त्याची ओळख तपासतो, त्याचा हक्क पाहतो आणि मोकळा डेस्कटॉप त्याला नेमून देतो. एका पॉडमध्ये जास्तीत जास्त ७ कनेक्शन सर्व्हर ठेवता येतात. ते सर्व एकमेकांच्या बरोबरीचे असतात, प्रत्येकाजवळ एलडॅप निर्देशिकेची संपूर्ण प्रत असते आणि कोणता डेस्कटॉप मोकळा आहे, कोणता व्यापलेला आहे, याचे संदेश त्यांच्यात अखंड फिरत असतात. ही देवाणघेवाण एकाच इमारतीतील स्थानिक जाळे गृहीत धरून रचलेली आहे. त्यामुळे एकच पॉड ताणून दोन शहरांत, किंवा एकाच महानगरातील दोन केंद्रांत पसरवण्यास मान्यता नाही. केंद्रे दोन असतील तर पॉडही दोन करावेत आणि मग ते जोडावेत, असा दंडक आहे.

या दंडकामागे अंतराचे साधे गणित आहे. प्रकाशीय तंतूतून संकेत सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन येण्यास निदान १ मिलिसेकंद लागतो. मुंबई व चेन्नई यांच्यातील हवाई अंतर १,००० किलोमीटरहून थोडे अधिक असल्याने त्यांच्यातील एका फेरीस १० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ कोणत्याही उपकरणाने लागू शकत नाही, आणि तारा सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात तो वाढतोच. एखाद्या फेरीपुरता हा उशीर नगण्य वाटतो. परंतु एका कामासाठी सर्व्हरांना परस्परांशी शेकडो वेळा बोलावे लागत असेल, तर तो साचत जाऊन सेकंदांत मोजण्याइतका होतो.

क्लाउड पॉड आर्किटेक्चर २०१४ मध्ये हॉरायझन ६ या आवृत्तीबरोबर आले. त्यावेळी ४ पॉड, २ स्थळे आणि एकूण २०,००० डेस्कटॉप एवढीच मर्यादा होती, सर्व व्यवस्थापन कमांड लिहून करावे लागे आणि सुटी अॅप्लिकेशने या जोडणीत घेता येत नसत. पुढील आवृत्त्यांत या उणिवा भरून निघाल्या आणि मर्यादा ५० पॉड, १५ स्थळे, ३५० कनेक्शन सर्व्हर व २,५०,००० सत्रे येथवर गेली. सत्र म्हणजे एका वापरकर्त्याचे एका डेस्कटॉपावरील चालू काम. हे आकडे प्रचंड दिसतात; तथापि पॉडांची संख्या टोकाला नेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ५,००० सत्रेच येतात, हे आराखडा करताना ध्यानात ठेवावे लागते.

जोडलेल्या पॉडांच्या समूहाला पॉड संघ म्हणता येईल. त्यातील प्रत्येक कनेक्शन सर्व्हरवर स्थानिक निर्देशिकेखेरीज आणखी एक, संपूर्ण संघासाठी सामाईक, निर्देशिका असते आणि तिच्या प्रती २२३८९ या पोर्टमार्गे परस्परांशी जुळवल्या जातात. कोणते पॉड संघात आहेत, ते कोणत्या स्थळी आहेत, कोणत्या वापरकर्त्याला कोणत्या पॉडमधील कोणत्या डेस्कटॉप-समूहांचा हक्क आहे, एवढीच माहिती या निर्देशिकेत असते. अनेक पॉडांना लागू होणाऱ्या अशा हक्काला ग्लोबल एंटायटलमेंट म्हणतात. दुसरा मार्ग ८४७२ या पोर्टवरील आंतरपॉड संवादाचा असून, एखाद्या वापरकर्त्याचे सत्र आधीच कोठे चालू आहे काय, हे एक पॉड दुसऱ्याला त्यावरून विचारतो आणि नवा डेस्कटॉप सुरू करण्याची विनंतीही त्यावरूनच करतो. शोध आधी स्वतःच्या पॉडमध्ये, मग त्याच स्थळावरील इतर पॉडांत आणि शेवटी अन्य स्थळी होतो. तो कोठवर न्यायचा हे व्यवस्थापक ठरवू शकतो.

वापरकर्त्याच्या कागदपत्रांविषयी, त्याच्या विंडोज प्रोफाइलविषयी किंवा त्याने बदललेल्या मांडणीविषयी या सामाईक निर्देशिकेत एक अक्षरही नसते, आणि ही या पद्धतीची सर्वांत मोठी, तसेच सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी मर्यादा आहे. पहिले केंद्र बंद पडल्यावर दुसरे केंद्र वापरकर्त्याला डेस्कटॉप जरूर देते, पण काल संध्याकाळी जतन केलेली फाइल त्यावर असेलच असे नाही. ती असावी यासाठी साठवणुकीची प्रतिकृती दोन्हीकडे ठेवण्याची व्यवस्था संस्थेला वेगळी, स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर करावी लागते. एकच प्रोफाइल दोन्ही केंद्रांत एकाच वेळी लिहिता येईल अशी दुतर्फा प्रतिकृती विंडोजच्या फाइल-प्रतिकृती सेवेने करणे मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, कारण दोन्हीकडे बदल झाल्यास कोणता खरा मानावा हे त्या सेवेला ठरवता येत नाही आणि एक बदल मुकाट्याने पुसला जातो. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलेल्या एफएसलॉजिक्स या तंत्रात प्रोफाइल एका आभासी डिस्कमध्ये ठेवले जाते आणि त्यातील क्लाउड कॅश या सोयीने ते एकाच वेळी अनेक ठिकाणी लिहिता येते. मात्र त्यासाठी लागणारी जादा साठवण, लॉगिन व लॉगऑफच्या वेळी पडणारा भार आणि दोन केंद्रांतील तारांवरची वाहतूक हिशेबात धरावीच लागते.

क्षणाक्षणाची, एक अक्षरही न गमावणारी प्रतिकृती हवी असेल तर अंतर पुन्हा आडवे येते. व्हीएमवेअरच्या व्हीसॅन या साठवण-प्रणालीत दोन केंद्रांत ताणलेल्या मांडणीसाठी फेरीचा विलंब ५ मिलिसेकंदांहून अधिक चालत नाही. मुंबई-पुणे हे अंतर या मर्यादेत सहज बसते. उलट, शेअर बाजारासारख्या संस्थांसाठी सेबीने घालून दिलेल्या निकषांनुसार आपत्तीकाळातील पर्यायी केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात, आणि ते जमत नसेल तर मुख्य केंद्रापासून किमान ५०० किलोमीटरवर असावे लागते. ५०० किलोमीटर अंतरावर केवळ प्रकाशाच्या वेगामुळेच पूर्ण ५ मिलिसेकंद खर्च होतात आणि स्विच, राउटर व वळणावळणाने जाणाऱ्या तारांसाठी काहीही उरत नाही. हे निकष मुळात व्यवहारप्रणालींसाठी असले, तरी त्यांतून दिसणारा पेच डेस्कटॉपांनाही तसाच लागू पडतो : भूकंपापासून वाचण्याइतके दूर गेले की माहितीची तत्क्षण प्रतिकृती सुटते आणि प्रतिकृती साधण्याइतके जवळ राहिले की दोन्ही केंद्रे एकाच आपत्तीच्या टप्प्यात येतात. सेबीने माहितीची हानी टाळण्यासाठी जवळच्या तिसऱ्या स्थळाची अपेक्षा ठेवली आहे, ती याचमुळे.

केंद्रांना जोडणारी तार तुटल्यावर घडणारा प्रकार बारकाईने पाहण्याजोगा आहे. समजा, एका वापरकर्त्याचे सत्र पहिल्या पॉडमध्ये चालू असून त्यात एक अर्धवट पत्र उघडे आहे. पॉड संघातून तुटतो, वापरकर्त्याचा पडदा गोठतो, तो पुन्हा लॉगिन करतो आणि या वेळी दुसऱ्या पॉडपाशी पोहोचतो. दुसऱ्या पॉडला पहिल्याकडून उत्तर मिळत नाही, म्हणून तो नवे सत्र सुरू करून देतो आणि वापरकर्ता तेथे पत्र नव्याने लिहू लागतो. तासाभराने तार जुळते, पहिला पॉड परत येतो आणि आता एकाच माणसाची दोन सत्रे, दोन अर्धवट पत्रांसह, जिवंत असतात. हॉरायझन अशा वेळी वापरकर्त्यालाच विचारते की कोणते सत्र चालू ठेवायचे. न निवडलेले सत्र आपोआप बंद करण्याचा पर्याय व्यवस्थापकाला उपलब्ध आहे, पण तो केवळ तरंगत्या डेस्कटॉपांसाठी, म्हणजे दर वेळी कोणताही मोकळा डेस्कटॉप दिला जातो अशा प्रकारासाठी. आणि तो निवडला असल्यास बंद झालेल्या सत्रातील न जतन केलेले काम जाते. निवडला नसेल तर जादा सत्र बंद करण्याचे काम वापरकर्त्यावर पडते. यातील कोणता पर्याय योग्य हे यंत्रणा सांगू शकत नाही, कारण कोणते पत्र महत्त्वाचे याचे ज्ञान तिला नसते.

ज्या वापरकर्त्याला कायमचा एकच डेस्कटॉप नेमून दिलेला असतो, त्याची स्थिती अधिक अवघड असते. तो डेस्कटॉप ज्या पॉडमध्ये आहे तो बंद पडला की जोडणी असूनही त्या डेस्कटॉपाला दुसरीकडे तोलामोलाचा पर्याय नसतो. अशा प्रसंगासाठी राखीव ग्लोबल एंटायटलमेंट ठेवता येते, पण तीतून मिळणारा डेस्कटॉप वेगळा असतो आणि वापरकर्त्याने स्वतः बसवलेले सॉफ्टवेअर त्यावर नसते. शिवाय एका ग्लोबल एंटायटलमेंटमध्ये तरंगते व कायम नेमलेले समूह मिसळता येत नाहीत, आणि एक डेस्कटॉप-समूह एकाहून अधिक ग्लोबल एंटायटलमेंटमध्ये घालता येत नाही.

होम साइट या सोयीचाही येथे विचार केला पाहिजे. वापरकर्त्याचे एक ठरलेले स्थळ नेमून देऊन तो कोठूनही आला तरी त्याला तेथलाच डेस्कटॉप द्यावा, असे तिच्याद्वारे सांगता येते. मुंबईचा कर्मचारी लंडनच्या कार्यालयात गेल्यावर होम साइट असेल तर त्याला आपल्या फायलींसह मुंबईचा डेस्कटॉप मिळतो, पण सुमारे ७,२०० किलोमीटर अंतरामुळे प्रत्येक अक्षर पडद्यावर उमटण्यास निदान ७० मिलिसेकंद अधिक लागतात. होम साइट नसेल तर लंडनचा चपळ डेस्कटॉप मिळतो आणि फायली मुंबईत राहतात. दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत, आणि बहुसंख्य कार्यालयीन कामासाठी थोडा मंद पण भरलेला डेस्कटॉप रिकाम्या चपळ डेस्कटॉपापेक्षा बरा ठरतो.

वापरकर्त्याला जवळच्या केंद्राकडे पाठवणे हे कामही क्लाउड पॉड आर्किटेक्चर करत नाही. त्यासाठी डीएनएसवर आधारलेला जागतिक लोड बॅलन्सर वेगळा लागतो, आणि तो वापरकर्त्याचे नव्हे, तर त्याच्या डीएनएस सर्व्हरचे स्थान पाहून उत्तर देत असल्याने कधी कधी चुकीच्या केंद्राचा पत्ता हाती येतो. जुने उत्तर काही काळ साठवले जात असल्याने केंद्र बंद पडल्यानंतरही काही यंत्रे त्याचेच दार ठोठावत राहतात. बाहेरून येणाऱ्यांसाठी युनिफाइड अॅक्सेस गेटवे हे प्रवेशद्वार असते. ओळख ज्या गेटवेवर पटली, पडद्याच्या चित्राची वाहतूकही त्याच गेटवेतून जावी लागते. म्हणून वापरकर्ता चेन्नईच्या गेटवेवर पोहोचला आणि संघाने त्याला मुंबईचा डेस्कटॉप दिला, तर संपूर्ण चित्र मुंबईहून चेन्नईला आणि तेथून त्याच्याकडे, तो मुंबईतच बसलेला असला तरी, जाते. असा वळसा घेणारी सत्रे वाढली की केंद्रांमधील तारांचा भार आराखड्यातील अंदाजापलीकडे जातो.

काही मर्यादा किरकोळ असल्या तरी प्रत्यक्ष कामात जाणवतात. आयपीव्ही६ जाळ्यात ही जोडणी चालत नाही आणि सार्वजनिक ठिकाणच्या किऑस्क यंत्रांसाठी पळवाट काढावी लागते. डेस्कटॉपांची मूळ प्रतिमा संघ स्वतःहून एका पॉडमधून दुसऱ्यात नेत नाही. सुरक्षा-दुरुस्ती बसवलेली नवी प्रतिमा दोन्हीकडे पोहोचवण्याची खात्री व्यवस्थापकालाच करावी लागते, नाहीतर एकाच एंटायटलमेंटमधून सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरी आवृत्ती हाती येते. एकाच वापरकर्त्याला स्थानिक व ग्लोबल असे दोन्ही हक्क दिले गेल्यास त्याच्या पडद्यावर एकाच डेस्कटॉप-समूहाची दोन चिन्हे दिसतात. घटनांची नोंद प्रत्येक पॉडच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होत असल्याने दोन पॉडांतून गेलेल्या तक्रारीचा माग दोन ठिकाणी काढावा लागतो. आणि एका केंद्राने दुसऱ्याचा संपूर्ण भार उचलावा अशी अपेक्षा असेल, तर दोन केंद्रांच्या संघात दोघांनीही एरवी निम्म्या क्षमतेवरच चालले पाहिजे. जोडणीने सर्व्हर वाढत नाहीत.

इतर प्रणालींनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला आहे. सिट्रिक्सने २०१५ मध्ये झेनडेस्कटॉप ७.७ या आवृत्तीत झोन आणले. त्यांत मुख्य झोनमधील एकच एसक्यूएल डेटाबेस सर्व दूरस्थ झोनांना पुरतो. व्यवस्थापन त्यामुळे सोपे होते, पण मुख्य झोनशी संपर्क तुटल्यावर दूरच्या झोनला नवे सत्र देता यावे म्हणून स्थानिक प्रतीची सोय पुढे जोडावी लागली. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये मध्यस्थ व प्रवेशद्वार ही दोन्ही कामे मायक्रोसॉफ्टच जगभर सांभाळते, त्यामुळे पॉड जोडण्याचा खटाटोप ग्राहकाला करावा लागत नाही. मात्र पुण्यातील ‘सेंट्रल इंडिया’ विभागात ठेवलेले प्रोफाइल चेन्नईतील ‘साउथ इंडिया’ विभागात हवे असेल, तर त्याच्या प्रतिकृतीची योजना येथेही ग्राहकालाच करावी लागते. हॉरायझन स्वतः, व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे गेल्यानंतर, २०२४ मध्ये ऑम्निसा या स्वतंत्र कंपनीकडे आले.