भार ओढणाऱ्या वाहनाचे शीतन

ट्रॉली, ट्रेलर किंवा बंद पडलेले दुसरे वाहन ओढताना इंजिन व गिअरबॉक्स यांत निर्माण होणारी जादा उष्णता बाहेर टाकून त्यांचे तापमान सुरक्षित मर्यादेत राखण्याच्या क्रियेस भार ओढणाऱ्या वाहनाचे शीतन असे म्हणतात. हे कार्य मुख्यतः रेडिएटर, त्यातून फिरणारे शीतक (कूलंट), पंखा आणि गिअरबॉक्समधील तेल यांच्याद्वारे होते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत तीव्र उन्हाळा, कच्चे रस्ते आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीने होणारी वाहतूक यांमुळे या विषयाला विशेष महत्त्व आहे.

कार्यपद्धती

इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शीतकात उतरते. पंप हे शीतक इंजिनभोवती फिरवतो. ते साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला पोहोचले की थर्मोस्टॅट उघडतो आणि शीतक रेडिएटरच्या नळ्यांत जाते. नळ्यांना जोडलेल्या पातळ धातूच्या पट्ट्यांमधून वाहणारी हवा ही उष्णता शोषून घेते. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचनेचा रेडिएटर विल्हेल्म मायबाख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मर्सिडीज मोटारीसाठी तयार केला.

रेडिएटरचे झाकण केवळ झाकण नसून दाब राखणारी झडप असते. साधे पाणी समुद्रसपाटीस १०० अंशांना उकळते. मात्र सुमारे १ बार जादा दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो.

गिअरबॉक्समधील उष्णता

हाताने गिअर बदलण्याच्या वाहनात क्लच अर्धवट दाबून भार हलवल्यास घर्षणाने क्लच तापतो. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल घुसळले जाऊन तापते. अशा अनेक वाहनांत हे तेल रेडिएटरच्या टाकीतील नळीतून फिरवून थंड केले जाते; त्यामुळे रेडिएटर तापला की गिअरबॉक्सही तापतो. नेहमी भार ओढायचा असल्यास रेडिएटरपुढे वेगळा तेलशीतक बसवतात. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल पुरते. ते जळके वा पातळ झाल्यास तिन्हींवर परिणाम होतो.

चंद्रपूर-गडचिरोलीतील परिस्थिती

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दोन्ही जिल्ह्यांत धान, बांबू, लाकूड व तेंदूपत्ता यांची वाहतूक होते. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यात येतो. याच काळात चंद्रपूर परिसराचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते.

रेडिएटरची क्षमता शीतक व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. शीतक ९५ आणि हवा ३० अंश असता हा फरक ६५ अंश असतो; हवा ४७ अंश झाल्यास तो ४८ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर सुमारे एक-चतुर्थांश कमी उष्णता बाहेर टाकतो. त्यातच खडबडीत वनरस्त्यावर वेग कमी असल्याने समोरून येणारी हवा अपुरी पडते आणि सारी भिस्त पंख्यावर राहते. हिवाळा तुलनेने सुसह्य असला, तरी धानाच्या मळणीच्या काळात उडणारा भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकतो. विहिरी व कूपनलिकांचे क्षारयुक्त पाणी वारंवार भरल्यास नळ्यांत आतून थर साचतो.

देखभाल व दक्षता

* जाळी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवेने किंवा सौम्य पाण्याने स्वच्छ करावी. जोराच्या फवाऱ्याने पट्ट्या वाकतात.
* शीतक उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात शुद्ध पाण्यात मिसळावे. पंख्याचा पट्टा, रबरी नळ्या आणि झाकणाचे रबर हंगामापूर्वी तपासावे.
* ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक भार लादू नये. शक्य असल्यास पहाटे किंवा सायंकाळनंतर वाहतूक करावी.
* चढावर आधीच खालचा गिअर टाकावा. त्यामुळे इंजिनावरील ताण कमी होतो आणि पंखा व पंप पुरेशा गतीने फिरतात.
* स्वयंचलित गिअरबॉक्सचे बंद वाहन चालकचाके जमिनीवर ठेवून ओढू नये (बोलीभाषेत ‘टोचन’ करू नये). इंजिन बंद असल्याने तेलाचा पंप चालत नाही आणि गिअरबॉक्स वंगणाविना फिरतो.

तापमान वाढल्यास

काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागताच वातानुकूलन बंद करून वाहन सावलीत, वाळलेले गवत व पालापाचोळा नसलेल्या जागी उभे करावे. तापलेल्या धुरनळीने वणवा लागू शकतो. शीतक गळत नसेल व पंखा चालू असेल, तर इंजिन काही मिनिटे भाराविना चालू ठेवावे. गळती असल्यास किंवा काटा लाल पट्ट्यात पोहोचल्यास ते लगेच बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब अचानक उतरल्याने आतील पाण्याची क्षणात वाफ होते व चेहरा आणि हात गंभीर भाजतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो. दुर्गम वनभागात मदत उशिरा पोहोचते. म्हणून पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त रेडिएटरसाठी वेगळे शुद्ध पाणी सोबत ठेवणे हिताचे असते.

हेही पहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* ट्रॅक्टर
* चंद्रपूर जिल्हा
* गडचिरोली जिल्हा