लग्नाच्या अटीचा मागोवा

‘लग्न केलंत तर नोकरी संपली’ ही अट आपल्या देशात कारखान्यात होती, विमानात होती आणि लष्करातही होती. तिला कोर्टात पहिल्या मोठ्या धक्क्यांपैकी एक बसला तो मुंबईच्या कामगार चळवळीमुळे.

इंटरनॅशनल फ्रँचायझीज ही औषध कंपनी. तिच्या पॅकिंग आणि लेबलं लावण्याच्या खात्यातल्या मुलीचं लग्न झालं की तिची नोकरी आपोआप जायची. कंपनीचं म्हणणं असं, की हे काम गटाने चालतं, एकजण गैरहजर राहिली तरी सगळ्यांचं अडतं आणि लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात. बॉम्बे लेबर युनियनने ही अट काढण्याची मागणी केली, ती औद्योगिक न्यायाधिकरणाने फेटाळली. युनियन विशेष परवानगीने सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1965 मध्ये जिंकली.

तो निकाल आजही वाचावा असा आहे. न्यायालयाने कंपनीचं एकेक कारण उलगडून पाहिलं. मुलांमुळे खाडे होतात म्हणता, तर विधवेलाही मुलं असतात. रजा तर अविवाहित मुलगीही घेते. फरक उरतो तो फक्त बाळंतपणाच्या रजेचा आणि त्यासाठी काही जास्तीच्या बायका बदलीला ठेवल्या की भागतं.

पण हा होता औद्योगिक वाद. अट गेली ती त्या कंपनीतून. दुसऱ्या ठिकाणी तीच अट असेल, तर तिथल्या बायकांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

परराष्ट्र सेवेत बाईला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी लागायची. सी. बी. मुथम्मा यांनी 1979 मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा सरकारने तो नियम मागे घेतला.

एअर इंडियाचं प्रकरण मात्र दुखरं आहे. हवाईसुंदरीने 35 व्या वर्षी, पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास तेव्हा किंवा पहिल्यांदा गर्भवती राहिल्यावर, यातलं जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हायचं. त्याच विमानात काम करणारे पुरुष 58 पर्यंत नोकरी करत. नर्गेश मिर्झा आणि सहकाऱ्यांच्या या खटल्यात 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट कठोर शब्दांत रद्द केली. चार वर्षांची लग्नबंदी मात्र ठेवली. मुलीला परिपक्वता येते आणि कुटुंबनियोजनालाही मदत होते, ही त्यामागची कारणं. पुरुषांचा संवर्गच वेगळा, म्हणून तुलना नाही, असंही ठरलं. 1965 च्या स्वच्छ युक्तिवादापुढे हे पाऊल मागे पडलेलं आहे, असंच मी म्हणेन.

लष्कराच्या परिचर्या सेवेतही 1977 च्या आदेशाने हीच अट होती. तिच्याखाली एका लेफ्टनंटला लग्न केलं म्हणून 1988 मध्ये सेवेतून काढलं. आदेश 1995 मध्ये मागे घेतला गेला, पण त्यामुळे तिची नोकरी परत आली नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला 2016 मध्ये. त्यावर केंद्र सरकार अपिलात गेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा नियम उघडउघड मनमानी असल्याचं सांगून तिला 60 लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

बडतर्फीपासून या निकालापर्यंत 36 वर्षं गेली. कामावरच्या भेदभावाच्या दाव्यांना आणि त्यांवरच्या अपिलांना कायद्याने पक्की मुदत घातली पाहिजे.