तेराव्या मजल्यावरची प्रयोगशाळा

१९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. काही जणांच्या रक्तात ‘एच’ प्रतिजनच नव्हते; त्यामुळे त्यांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नव्हते. हाच रक्तगट पुढे जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला गेला.

रक्तगटांच्या अभ्यासाची मुंबईत अशी पायाभरणी झाली. १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने येथे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. १९८२ मध्ये या केंद्राला संस्थेचा दर्जा मिळाला. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ती हीच. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात, तेराव्या मजल्यावर.

रक्तगटांपासून निघालेले काम थॅलसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया या रक्तविकारांपर्यंत पोहोचले. हिमोफिलियाचे निदान म्हणजे चिकाटीचे काम. सायट्रेटच्या नळीत नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. प्रमाण चुकले की निष्कर्ष चुकला. गुठळी व्हायला वेळ लागत असेल, तर रुग्णाच्या रक्तद्रवात निरोगी माणसाचा रक्तद्रव निम्मानिम्म मिसळून पुन्हा पाहतात. वेळ सुधारली तर बहुधा रक्त गोठवणाऱ्या घटकाची कमतरता. नाही सुधारली तर घटक निकामी करणारे प्रतिपिंड असल्याची शंका. या एका फरकावर उपचाराची सारी दिशा ठरते.

उपचाराची बाजू मात्र दीर्घकाळ लंगडी राहिली. घटक आठची इंजेक्शने सामान्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होती. रक्तद्रव (प्लाझ्मा) आणि त्यापासून काढलेल्या क्रायोप्रेसिपिटेटवरच भिस्त. सांध्यांत रक्तस्राव होऊन गुडघे आखडलेली मुले त्या काळाची साक्ष आहेत. म्हणूनच वाहक स्त्रियांची तपासणी आणि गर्भावस्थेतील निदान यांना येथे मोठे महत्त्व आले. गंभीर हिमोफिलिया ‘ए’च्या जवळपास निम्म्या कुटुंबांत जनुकाच्या एकाच उलटापालटीने दोष उद्भवतो, ती सापडली की कुटुंबाला नेमके उत्तर देता येते.

डॉ. एच. एम. भाटिया, डॉ. दीपिका मोहंती, डॉ. कंजाक्ष घोष यांच्यासारख्या संचालकांनी हे काम वाढवले. त्यांच्याइतकाच वाटा तंत्रज्ञांचा, समुपदेशकांचा आणि नमुने देणाऱ्या कुटुंबांचा आहे. विदर्भातील सिकलसेलचा भार पाहता चंद्रपूरला संस्थेचे हिमोग्लोबिन-विकारांचे संशोधन, उपचार व नियंत्रण केंद्र उभे राहिले. ११ डिसेंबर २०२२ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. परळला पाठवावे लागणारे नमुने आता रुग्णांच्या गावांजवळ तपासले जाऊ लागले आहेत.